चारशे रुपयांचे जुने ब्रेक शू घ्यावेत का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इंदूरला तुमच्याकडे २०१२ ची वॅगन आर आहे. मिस्त्रीने मागची चाकं उघडून शू संपल्याचं सांगितलं, नव्या सेटचे हजार-बाराशे आणि मजुरी वेगळी. जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात तशाच गाडीतून काढलेले चारही शू चारशे रुपयांत मिळतायत, आणि 'लायनर अजून पुष्कळ शिल्लक आहे, भिया, लावा आणि मोकळे व्हा' असं दुकानदार म्हणतो. हँडब्रेक चढावर धरत नाही ही तक्रार वेगळीच. दोन आठवड्यांनी आई-वडिलांना घेऊन ओंकारेश्वरला जायचंय. तर ते शू घ्यावेत का?

तुमच्या गाडीसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. या मॉडेलचे नवे शू कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात मिळतात, आणि वाचणारे पैसे सहाशे-आठशेच्या पुढे जात नाहीत. पण 'जुनं ते वाईट' हे त्यामागचं कारण नाही. ब्रेकमधले काही भाग जुने घेतले तरी चालतात. शूचं तसं का नाही, आणि कोणत्या परिस्थितीत जुना शू घेण्यात अर्थ असतो, ते नीट समजून घेतलंत तर दुकानदाराशी आणि मिस्त्रीशी दोघांशीही बोलणं सोपं जाईल.

ब्रेक शू ही दिसायला एक वस्तू असली तरी मुळात त्या दोन वस्तू आहेत. एक लोखंडी सांगाडा: चंद्रकोरीसारखा वाकवलेला पत्रा आणि त्याला आतून काटकोनात जोडलेली उभी पट्टी. दुसरा त्या पत्र्यावर चिकटवलेला किंवा रिबेट (धातूची खिळी) मारलेला लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारा थर. सांगाडा नीट असेल तर दोन-तीन लायनर खाऊनही टिकतो. लायनर मात्र झिजण्यासाठीच बनवलेला असतो, आणि झिजताना तो ज्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा, ज्याला शू आतून दाबतात) बसलेला असतो त्याच ड्रमचा आकार घेतो. म्हणून दुकानदार जेव्हा 'लायनर शिल्लक आहे' म्हणतो तेव्हा तो फक्त जाडीबद्दल बोलत असतो. आकाराबद्दल आणि आत काय मुरलंय याबद्दल त्याला माहिती नसते, आणि खरं तर तो तुम्हाला फसवतोय असंही नाही. बघून ते कळतच नाही.

आकाराचं गणित एकदा आकड्यांत पाहू. समजा नव्या ड्रमचा आतला व्यास २०० मिमी आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांत अशा ड्रमची शेवटची मर्यादा २ मिमी जास्त, म्हणजे २०२ च्या आसपास असते. नेमका आकडा ड्रमच्या बाहेरच्या अंगावर 'मॅक्स' या शब्दासोबत कोरलेला असतो, तो वाचायचा. दुकानातला शू ज्या गाडीतून निघाला तिचा ड्रम झिजून २०१.५ झाला होता असं धरा. म्हणजे तो शू २०१.५ च्या गोलाईत घासला गेलाय. तुमचा ड्रम २००.५ चा आहे. आता हा मोठ्या गोलाईचा शू लहान गोलाईत बसवला की तो मध्ये टेकत नाही, फक्त दोन टोकांना टेकतो. टोकांना टेकणारा शू हा सगळ्यात वाईट प्रकार. पुढचा शू (त्याच चाकातल्या दोन शूंपैकी पुढच्या बाजूचा) ड्रमच्या फिरण्याने आपोआप आत ओढला जातो, त्याच्या टोकाने ड्रम पकडला की चाक झटक्याने अडतं, किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचं एक चाक दुसऱ्याच्या आधी लॉक होतं. पावसाळ्यात चौकात गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला सरकतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

उलट प्रकार, म्हणजे शूची गोलाई लहान आणि ड्रम मोठा, त्रासदायक असतो पण धोकादायक कमी. नवा शू जुन्या ड्रममध्ये घातला की नेमकं हेच होतं: आधी मध्यभाग टेकतो, पेडल थोडं मऊ लागतं, आणि दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये लायनर घासून बसतो. नव्या शूकडे घासून बसायला पूर्ण जाडी असते. जुन्याकडे ती नसते; तो नव्या ड्रमशी जुळेपर्यंत त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं.

आता मुरण्याबद्दल. मागचा शू खराब होण्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यावर तेल येणं, आणि जुन्या बाजारात निघालेल्या शूंपैकी बरेच याच कारणाने गाडीतून निघालेले असतात. व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारा भाग) गळला की ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं. इको, ओम्नी, बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत ॲक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल येतं. लायनर सच्छिद्र असतो, तो ते शोषून घेतो. मग कोणी पेट्रोलने धुतो, कोणी ब्लो लॅम्पने जाळून 'सुकवतो', वरून सँडपेपर मारला की शू एकदम कोरा दिसतो. पण घाटात ड्रम तापला की आत मुरलेलं तेल परत वर येतं, आणि ते नेमकं त्या क्षणी येतं जेव्हा ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते. धुतलेल्या शूला उपाय नाही, तो टाकायचा.

हे हातात घेऊन कसं ओळखायचं? लायनरचा पृष्ठभाग न बघता बाजूची कड बघा. पृष्ठभाग घासून बदलता येतो, कड कोणी घासत नाही. कोरडा लायनर कडेवर राखाडी-तपकिरी आणि बारीक दाणेदार दिसतो, नखाने खरवडला तर कोरडी भुकटी पडते. तेल प्यायलेल्या लायनरची कड काळपट, मेणासारखी दिसते आणि नख घसरतं. नाकाशी धरा: गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो महिनोन् महिने जात नाही. ब्रेक ऑइलला तसा ठळक वास नसतो, पण शूच्या पत्र्यावरचा रंग फुगून सुटलेला दिसला तर ते तिथून वाहिलं होतं असं समजा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. लोखंडी पत्र्यावर निळसर-जांभळी छटा दिसली तर तो शू कधीतरी भयंकर तापलाय. अशा तापलेल्या लायनरचा चिकटवणारा थर कमकुवत झालेला असू शकतो, आणि पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होऊन त्याची पकड गेलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणी बघत नाही. मोकळ्या जागेत पडून राहिलेल्या भंगारातल्या शूंना लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये गंज धरतो. गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा जास्त, त्यामुळे तो लायनरला आतून उचलतो. शू एका बोटावर लटकवून पान्याने लायनरच्या पाठीमागच्या पत्र्यावर हलकेच ठोका. घट्ट चिकटलेला असेल तर स्वच्छ आवाज येतो. कुठे तरी बद्द वाजला तर तिथे पोकळी आहे. कडेला पातळ पत्ती घालून बघा, आत शिरली की विषय संपला. लायनर पत्र्यापासून सुटून ड्रममध्ये अडकला तर चालत्या गाडीचं चाक जाम होऊ शकतं.

मग जुना शू घेण्यात कधीच अर्थ नाही का? आहे, पण लायनरसाठी नाही, सांगाड्यासाठी. प्रीमियर पद्मिनी, कॉन्टेसा, मारुती १०००, मॅटिझ, ओपल कोर्सा अशा बंद झालेल्या गाड्या ज्यांनी जपून ठेवल्यात त्यांना नवे शू सहज मिळत नाहीत. त्यांनी जुने शू जरूर घ्यावेत, भाव भंगाराचाच द्यावा, आणि त्यावर नवा लायनर बसवून घ्यावा. आपल्याकडे हे काम करणारे कारागीर अजून आहेत, विशेषतः ट्रक आणि बसची कामं करणाऱ्या भागांत.

सांगाडा निवडताना एक सपाट काच बरोबर ठेवा, खिडकीच्या जाड काचेचा तुकडाही चालतो. शू आडवा ठेवला की उभी पट्टी पूर्ण लांबीभर सरळ आहे का, पीळ बसलाय का, ते लगेच दिसतं. दोन शू एकावर एक ठेवून कडा जुळतात का बघा. पट्टीची टोकं, एक सिलिंडरच्या पिस्टनला लागणारं आणि दुसरं खालच्या अँकरमध्ये, म्हणजे टेकूत, बसणारं, त्यांना खाच पडलेली नको. तिथे अर्धा मिमी खड्डा असला तरी शू वाकडा बसतो. स्प्रिंगची भोकं लांबट झालेली नकोत. पत्रा आणि पट्टी जिथे वेल्ड केलीय तिथे उजेड धरून चीर शोधा. ज्या शूवर हँडब्रेकची लिव्हर असते, त्या लिव्हरची पिन हलवून बघा, ढिली असेल तर हँडब्रेक कितीही ओढा, अर्धी ओढ त्या ढिलाईतच जाते.

लायनर बसवून घेताना एकच काळजी. छोट्या गाड्यांचे लायनर बहुतेक चिकटवलेले असतात, आणि तो गोंद शिकंजात आवळून भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापवला तरच धरतो. 'तासाभरात चिकटवून देतो, उन्हात ठेवा' म्हणणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. रिबेटचं काम असेल तर रिबेट मधून सुरू करून टोकांकडे मारतात, म्हणजे लायनरखाली फुगा राहत नाही, आणि रिबेटचं डोकं लायनरच्या बरंच खाली गेलेलं असावं लागतं. शेवटी, बसवलेला लायनर तुमच्या ड्रमच्या मापाने घासून घ्या. त्यासाठी कारागिराकडे ड्रम घेऊन जा. शू एकटे घेऊन गेलात तर तो अंदाजाने घासेल.

बाकीच्या भागांपैकी जुना ड्रम चालतो, अट इतकीच की आतून किमान तीन-चार दिशांनी व्यास मोजायचा. मापं एकमेकांपासून ०.१ मिमीपेक्षा फार वेगळी आली तर ड्रम लंबगोल झालाय, पेडल थडथडणार. लेथवर मारून (आतून कातून) घेता येतो, पण मर्यादेच्या आत थोडी जागा सोडून. २०२ ची मर्यादा असेल तर २०१.५ च्या पुढे गेलेला ड्रम मारण्यात मतलब नाही, कारण पुढच्या झिजेला काही उरत नाही. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाला मारायचे. आतल्या बाजूला उष्णतेच्या बारीक चिरा असतील तर उथळ चिरा लेथवर निघतात, नखाला अडकणारी खोल चीर असेल तर तो ड्रम नको. बॅकप्लेटही (शू ज्यावर बसतात ती मागची न फिरणारी प्लेट) जुनी चालते. व्हील सिलिंडर, होजपाइप, स्प्रिंग मात्र जुन्या बाजारातून अजिबात नकोत. सिलिंडरच्या आत पाण्याने पडलेले खड्डे बाहेरून दिसत नाहीत, आणि स्प्रिंग तापून ढिली झाली की शू ड्रमला चिकटूनच राहतो.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. मला शूपेक्षा जास्त काळजी वाटते ती ते का संपले याची. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे जातं, बहुतेक काम पुढची चाकं करतात, त्यामुळे मागचे शू सहसा पुढच्या पॅडच्या दोन-तीन सेटइतके चालतात. ते लवकर संपले असतील किंवा एकाच बाजूचे संपले असतील तर दोष दुसरीकडे आहे, आणि तो न काढता नवे शू घातले तरी सहा महिन्यांत पुन्हा तिथेच याल. म्हणून मिस्त्रीला सांगा: जुने शू फेकू नका, कुठला कुठून निघाला ते खडूने लिहून मला द्या. निघालेला शू सगळं सांगतो. एका चाकाचे दोन्ही शू संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे जाड आहेत, तर संपलेल्या बाजूची हँडब्रेकची केबल अडकते, किंवा जाड असलेल्या बाजूचा सिलिंडर जाम होऊन काम करत नाही. एका चाकातला एकच शू संपलाय तर पुढच्या आणि मागच्या शूचा थोडा फरक स्वाभाविक आहे, पुढचा जास्त खातो; पण फरक दुपटीचा असेल तर सिलिंडरचा एक पिस्टन अडकलाय. लायनर एका कडेला पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड असेल तर बॅकप्लेट वाकलीय, किंवा शू जिथे बॅकप्लेटला टेकतात त्या जागांना खोबणी पडलीय. आणि चारही सारखेच, सपाट झिजलेले असतील तर छान, तुमचे शू वयाने गेले.

'संपले' म्हणजे किती, हाही प्रश्न विचारा. नव्या शूवर लायनर साधारण ४ ते ५ मिमी असतो. चिकटवलेला लायनर २ मिमीच्या खाली गेला की बदलायचा, रिबेटवाल्यात रिबेटच्या डोक्यावर १ मिमी उरलं की बदलायचा. तीन जागी मोजा: दोन टोकं आणि मध्य. साडेतीन मिमी उरलेला असताना कोणी बदला म्हणत असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा.

तुमच्या हँडब्रेकचं कारण कदाचित शू नसून ॲडजस्टर आहे. दोन शूंच्या मध्ये एक लांबी वाढवणारी पट्टी असते. लायनर झिजेल तशी ती थोडी थोडी लांब होऊन शू ड्रमच्या जवळ ठेवते. धुळीने आणि गंजाने ती एका जागी बसली की शू लांब राहतात, पेडल खोल जातं आणि हँडब्रेक वर येतो. अशा वेळी मिस्त्री मधल्या नटाने केबल ताणून देतो. दोन दिवस बरं वाटतं. पण ताणलेली केबल शूला सतत किंचित उघडं ठेवते, ॲडजस्टरला काम करायला जागाच मिळत नाही, आणि चाक तापायला लागतं. क्रम उलटा हवा: केबल आधी पूर्ण ढिली करायची, मग शू ड्रमला लागतील इतके ॲडजस्टरने उघडायचे, पेडल दहा-बारा वेळा दाबायचं, आणि सगळ्यात शेवटी केबल. बऱ्याच छोट्या गाड्यांत हँडब्रेक ५ ते ८ टिकटिकांत चढावर गाडी धरायला हवा. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो.

नवे शू घेताना फसवणूक जुन्यांपेक्षा जास्त होते, हेही लिहून ठेवतो. नकली डब्यातला नवा शू हा चांगल्या सांगाड्यावर नीट लायनर बसवलेल्या जुन्या शूपेक्षा वाईट असतो. मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सच्या अधिकृत दुकानातून घ्या, किंवा राणे, बॉश अशा नावाजलेल्या कंपनीचा, पण जीएसटीचं बिल घेऊन. पार्ट नंबर गाडीच्या चेसिस नंबरवरून काढायला सांगा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये पिढीनुसार ड्रमचं माप बदलू शकतं. लायनरच्या कडेवर छापलेली अक्षरं वाचा. त्यांच्यात 'एफएफ' किंवा 'ईई' अशी जोडी असते: पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड, दुसरं तापलेल्या अवस्थेतली. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. छापच नसेल, किंवा बोट फिरवल्यावर पुसली जात असेल, तर परत द्या. आणि चारही शू एकाच डब्यातले हवेत; डावीकडे एक कंपनी, उजवीकडे दुसरी, असं करू नका.

काम करून घेताना शेजारी उभं राहायची सवय असेल तर काही गोष्टींवर लक्ष ठेवा. हँडब्रेक सोडलेला असतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दगड किंवा ओंडका आणि जॅकबरोबर स्टँड लागतोच; नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम सुरू झालं तर थांबवा. एका वेळी एकच चाक उघडायचं. दुसऱ्या बाजूचं न उघडलेलं चाक म्हणजे तुमचा नकाशा. तरी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे उलटे असतात, दोन्ही चाकं एकदम उघडून सगळे भाग एका ट्रेमध्ये टाकले की ते अदलाबदल होतात आणि मग ॲडजस्टर घट्ट होण्याऐवजी ढिला होत जातो.

ड्रम निघत नसेल तर हातोडा नको. झिजलेल्या ड्रमच्या कडेला कंगोरा तयार होतो, शू त्यात अडकतात. बॅकप्लेटच्या मागची रबरी टोपी काढून ॲडजस्टर मागे घ्यावा लागतो. बऱ्याच ड्रमवर दोन आटे असलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून सारखे आवळले की ड्रम स्वतःहून सुटतो. तुमच्या गाडीचा ड्रम हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागासकट) एकच असेल तर मधला नट नवा वापरायचा की जुना चालतो आणि किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचा, हे पुस्तिकेतून बघा. अंदाजाने आवळलेल्या नटाने बेअरिंग जातं.

आतली धूळ हवेच्या पाइपाने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात बसते. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क. मग सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी हलकेच उचलून आत बघा. कोरडं असेल तर ठीक. थेंब असेल तर सिलिंडर बदला, आणि एक गळतोय तर दुसराही बदला. दोघांचं वय सारखंच आहे. काहीशे रुपयांचा हा भाग वाचवून नव्या शूवर तेल सोडण्यात अर्थ नाही. सिलिंडर बदलला तर ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) आलंच, त्याच वेळी ब्रेक ऑइल पूर्ण नवं घाला. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, पण पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाटात पेडल एकदम मऊ पडतं त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, शू नव्हे. डॉट ३ हवं की डॉट ४, ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या टोपीवर लिहिलेलं असतं, त्याच प्रतीची बाटली घ्या.

शू जिथे बॅकप्लेटवर घासतात त्या जागांना जास्त तापमानाचं ब्रेक ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. साधं पिवळं ग्रीस तापून वितळतं आणि थेट लायनरवर जातं. नवे शू हाताळताना हात कोरडे. चुकून ग्रीसचं बोट लागलं तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसा. स्प्रिंग आणि पिनांचा नवा किट मिळाला तर तोही घाला.

शू बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. सकाळी लवकर, वर्दळ नसताना सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत हलक्या दाबाने वीसेक वेळा वेग कमी करा, दरवेळी मध्ये अर्धा मिनिट हवा खाऊ द्या. तापलेले असताना पेडल दाबून गाडी उभी ठेवू नका. नंतर दहा किलोमीटर साधं चालवा आणि उतरून दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे शू ओढतोय, गाडी परत मिस्त्रीकडे.

म्हणूनच हे काम ओंकारेश्वरच्या आदल्या दिवशी करू नका, किमान आठवडाभर आधी करा. खंडवा रोडवर सिमरोळ सोडल्यावर भेरूघाटाची वळणं लागतात. पूर्ण भरलेली गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा, आणि ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्याऐवजी थोडा वेळ नीट दाबा, पूर्ण सोडा, पुन्हा दाबा. परत आल्यावर हँडब्रेक एक-दोन टिकटिका जास्त वर येतोय असं वाटेल. शू बसले की तसं होतं. पाचशे किलोमीटरनंतर एकदा ॲडजस्ट करून घ्या, आणि त्या वेळी ऑइलच्या डब्यातली पातळी खुणेशी जुळते का तेही बघून घ्या.